वाचकांचे प्रश्न : पिन बसली म्हणजे अडॅप्टर जुळला असे नाही

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे जळालेल्या अडॅप्टरविषयीची पत्रे वाढतात. या वेळी त्यांपैकी सहा प्रश्न एकत्र घेतले आहेत. उपकरणे वेगवेगळी असली तरी बहुतेक पत्रांतील गोंधळ एकाच ठिकाणी होतो. पिन उपकरणात व्यवस्थित बसली की अडॅप्टर योग्य आहे, असे आपण गृहीत धरतो. वास्तविक अडॅप्टर निवडताना पिनचा विचार सर्वांत शेवटी करायचा असतो.

प्रश्न : गेल्या आठवड्यात वीज कडाडली आणि आमच्या इंटरनेटच्या राउटरचा अडॅप्टर बंद पडला. राउटरच्या खालच्या बाजूला ‘१२ व्होल्ट, १ अँपिअर’ असे छापलेले आहे. घरात जुन्या सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्ट, २ अँपिअरचा आणि दुसऱ्या एका बंद पडलेल्या यंत्राचा ९ व्होल्ट, १ अँपिअरचा असे दोन अडॅप्टर आहेत. दोन्हींची पिन बसते. मुलाच्या मते दोन अँपिअरमुळे राउटर जळेल, तर शेजाऱ्यांच्या मते नऊ व्होल्टचा अडॅप्टर कमी क्षमतेचा असल्याने सुरक्षित आहे. आम्ही कोणता वापरावा?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपण सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर वापरावा, मात्र पिनची ध्रुवता, म्हणजे धन आणि ऋण बाजू, तपासल्यानंतरच. त्याविषयी पुढे लिहिलेच आहे.

माहिती छापलेल्या पट्टीवरील (लेबलवरील) दोन आकड्यांचे स्वभाव अगदी भिन्न आहेत. व्होल्ट हा अडॅप्टरने उपकरणावर लादलेला दाब असतो आणि त्याबाबत उपकरणाला काहीही निवड नसते, म्हणून तो आकडा जुळलाच पाहिजे. अँपिअरचा आकडा मात्र अडॅप्टरवर एक अर्थ सांगतो आणि उपकरणावर दुसरा. उपकरणावर तो गरज दाखवतो, अडॅप्टरवर जास्तीत जास्त क्षमता. विहिरीत पाणी भरपूर आहे म्हणून घागरीत अधिक मावत नाही, त्याचप्रमाणे २ अँपिअरचा अडॅप्टर लावला तरी राउटर आपल्या गरजेपुरताच प्रवाह ओढतो. उलट, आपल्या क्षमतेच्या निम्म्यावर चालणारा अडॅप्टर कमी तापतो आणि साधारणपणे जास्त वर्षे टिकतो. तेव्हा अँपिअर समान किंवा अधिक असावेत, कमी नसावेत. मुलाची भीती अनाठायी आहे.

शेजाऱ्यांचा सल्ला अधिक घातक आहे, कारण तो ऐकायला समंजस वाटतो. राउटरच्या आत १२ व्होल्टचे रूपांतर ३.३ व्होल्ट किंवा त्याहूनही कमी दाबात करणारे परिपथ (सर्किट) असतात. हे परिपथ बाहेरून येणारा दाब कमी झाला की आपली वॅट-गरज भागवण्यासाठी प्रवाह वाढवतात. १२ व्होल्ट आणि १ अँपिअर म्हणजे १२ वॅट. तेवढीच शक्ती ९ व्होल्टवर हवी असेल तर सुमारे १.३३ अँपिअर लागतील आणि आपला ९ व्होल्टचा अडॅप्टर तर १ अँपिअरचाच आहे. परिणाम असा होतो की राउटरचे दिवे लागतात, घरचे समाधान पावतात आणि दोन-तीन मोबाइल एकदम जोडले गेले, म्हणजेच काम वाढले, की राउटर मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. लोक अशा वेळी इंटरनेट कंपनीकडे तक्रार करत राहतात आणि अडॅप्टरवर कोणाचा संशय जात नाही.

जास्त दाबाची कथा थोडक्यात संपते. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर अशा राउटरला लावला, तर आतले १६ व्होल्ट सहन करणारे कपॅसिटर फुगतात किंवा फुटतात आणि दुरुस्तीचा प्रश्न बहुधा उरत नाही.

आता पिनविषयी. गोल पिनचा बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर असला, तरी आतले छिद्र २.१ मिलिमीटरचे असते किंवा २.५ मिलिमीटरचे. २.१ च्या छिद्राची पिन उपकरणाच्या सॉकेटमधील २.५ च्या सुईवर बसतच नाही, त्यामुळे ती चूक लगेच लक्षात येते. २.५ च्या छिद्राची पिन २.१ च्या सुईवर मात्र सहज बसते आणि खरा त्रास तेथेच सुरू होतो. स्पर्श सैल राहतो, तार हलली की राउटर बंद पडतो आणि सांध्यावर ठिणग्या पडून तो भाग काळवंडतो. पिन लावल्यावर हलकेच फिरवून पाहावी. ती खुळखुळत असेल तर तो अडॅप्टर वापरू नये. चिकटपट्टी गुंडाळून ती ‘घट्ट’ करू नये.

नवा अडॅप्टर विकत घेणार असाल तर त्यावर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणी चिन्ह पाहावे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश प्रथम २०१२ मध्ये निघाला आणि पुढे यादीत अडॅप्टरही आले. चिन्हासोबत ‘आर’ हे इंग्रजी अक्षर आणि त्यापुढे आठ आकडी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपमध्ये तो घालून उत्पादकाचे नाव पडताळता येते. दुकानातच उभे राहून हे करण्यास संकोच करू नये. पुण्याच्या तपकीर गल्लीत काय किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय, चांगल्या आणि बनावट अडॅप्टरची खोकी एकाच फळीवर असू शकतात आणि बाहेरून दोन्ही सारखीच काळी दिसतात. स्वस्त बनावट अडॅप्टरमध्ये बहुधा दोन गोष्टींत काटकसर केलेली असते. फ्यूज नसतो आणि २३० व्होल्टची बाजू व बाहेर येणारी कमी दाबाची बाजू यांच्यातील अंतर पुरेसे ठेवलेले नसते. ते अंतर ओलांडले गेले तर घरातील विजेचा पूर्ण दाब राउटरपर्यंत आणि त्याला लावलेल्या तारेपर्यंत पोहोचू शकतो. शंभर-दीडशे रुपये वाचवण्यासाठी हा धोका पत्करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मी लहान मुलांना संगीत शिकवते. माझ्याकडील जुन्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा अडॅप्टर हरवला. दुकानदाराने व्होल्ट बदलण्याची कळ असलेला आणि पिन उलटसुलट लावता येणारा एक अडॅप्टर दिला. कीबोर्डवर ९ व्होल्ट लिहिले आहे, त्याप्रमाणे कळ ठेवली. पण पिन कोणत्या बाजूने लावायची, ते कळत नाही. चुकून उलटी लावली तर काय होईल?
— एक वाचिका, नागपूर

उत्तर : आपण पिन लावण्याआधी विचारले, हे फार चांगले झाले. अडॅप्टरमधून येणाऱ्या एकदिश (डीसी) प्रवाहाला धन आणि ऋण अशा दोन बाजू असतात. गोल पिनच्या आतल्या छिद्रात धन असेल तर बाहेरच्या धातूच्या नळीवर ऋण असते किंवा याच्या नेमके उलट. आजची बहुतेक उपकरणे आत धन मानतात. वाद्यांच्या दुनियेत मात्र जुनी परंपरा वेगळी आहे. गिटारच्या आवाजावर परिणाम साधणाऱ्या ९ व्होल्टच्या पेडलना आणि काही जुन्या कीबोर्डांना आत ऋण लागते. म्हणूनच वाद्यांच्या बाबतीत अंदाज बांधू नये.

कीबोर्डच्या सॉकेटजवळ एक छोटी आकृती छापलेली असते. मध्ये एक भरीव ठिपका, त्याभोवती अर्धवट वर्तुळ आणि दोन्हींकडून निघून अधिक व उणे या चिन्हांपर्यंत गेलेल्या रेघा. ठिपक्याची रेघ उण्याकडे जात असेल तर आत ऋण, अधिककडे जात असेल तर आत धन. अडॅप्टरवरही अशीच आकृती असते, पण पिन उलटसुलट लावता येणाऱ्या अडॅप्टरवर ती पुरेशी नसते, कारण तेथे पिन कशी खोचली यावर सर्व अवलंबून असते. अशा वेळी विजेचा दाब मोजणारा साधा मल्टीमीटर उपयोगी पडतो. तो एकदिश दाबाच्या २० व्होल्टच्या टप्प्यावर ठेवावा, लाल सुई पिनच्या छिद्रात आणि काळी बाहेरच्या धातूवर टेकवावी. दोन्ही सुया एकमेकींना लागू देऊ नयेत. आकडा नुसता आला तर आत धन आहे. त्याच्या आधी उण्याचे चिन्ह दिसले तर आत ऋण आहे. शेजारच्या कोणत्याही इलेक्ट्रिशियनकडून हे काम दोन मिनिटांत करून घेता येईल.

उलटी ध्रुवता दिली तर काय होईल, ते निर्मात्याच्या दूरदृष्टीवर अवलंबून आहे. प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा संरक्षक डायोड असेल तर कीबोर्ड केवळ मुका राहील किंवा आतला फ्यूज जाईल. तो नसेल तर आतील चिप्स क्षणात निकामी होतील.

त्याच मोजणीत आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. जुन्या धाटणीचे, हातात जड लागणारे अडॅप्टर आतल्या ट्रान्सफॉर्मरवर चालतात आणि त्यांपैकी अनेकांमध्ये दाब स्थिर ठेवण्याची सोय नसते. त्यांच्यावर ९ व्होल्ट लिहिलेले असले तरी काहीही न जोडता मोजल्यास १२-१३ व्होल्ट भरतात आणि पूर्ण भार पडल्यावरच ते ९ वर येतात. जुन्या कीबोर्डची रचना अशाच अडॅप्टरला गृहीत धरून केलेली असते, त्यामुळे त्याला ते चालतात. नव्या नाजूक उपकरणांना ते लावू नयेत. कळ फिरवून व्होल्ट बदलणाऱ्या अडॅप्टरबाबत माझे मत फारसे चांगले नाही. घरात लहान मुले असतील तर कळ नेमक्या ९ वर बसवून तिच्यावर चिकटपट्टी लावावी. त्याहून बरे म्हणजे योग्य ध्रुवतेचा एकाच दाबाचा अडॅप्टर घेऊन तो वाद्याच्या पिशवीतच ठेवावा.

प्रश्न : अमेरिकेत राहणाऱ्या मुलीने तेथील बिनतारी टेलिफोनचा संच पाठवला आहे. अडॅप्टरच्या चपट्या पिना आपल्या सॉकेटमध्ये बसत नाहीत, म्हणून पिन बदलणारा जोड आणला आहे. लावू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : अडॅप्टरवर ‘इनपुट’ या शब्दापुढे काय लिहिले आहे, ते वाचल्याशिवाय लावू नका. तेथे ‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे असेल तर तो जगात कोठेही चालतो आणि पिनचा जोड पुरेसा आहे. केवळ ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ असे असेल तर तो अमेरिकेपुरताच आहे. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची वीज असते. पिनचा जोड केवळ आकार बदलतो, दाब बदलत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या अडॅप्टरला जवळजवळ दुप्पट दाब आणि त्यात कमी वारंवारता मिळाली, तर त्याचा लोखंडी गाभा चुंबकीयदृष्ट्या तुडुंब भरतो, गुंडाळीतून बेसुमार प्रवाह वाहतो आणि ती थोड्याच वेळात जळते.

पुष्कळ जण अशा वेळी २३० चे ११० करणारा मोठा ट्रान्सफॉर्मर आणतात. काही वॅटच्या टेलिफोनसाठी त्याची गरज नाही. टेलिफोनला हवा तेवढाच दाब देणारा भारतीय अडॅप्टर घेतला की काम होते. मात्र ‘आउटपुट’ पुढील चिन्ह नीट पाहावे. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर तो एकदिश प्रवाह आहे. नागमोडी रेघ असेल तर तो प्रत्यावर्ती (एसी), म्हणजे सतत दिशा बदलणारा आहे. जुन्या टेलिफोनांच्या व मोडेमांच्या काही अडॅप्टरमधून प्रत्यावर्ती प्रवाहच बाहेर येतो. तेथे ९ व्होल्टचा एकदिश अडॅप्टर लावणे चुकीचे आहे, आकडा जुळत असला तरी.

प्रश्न : आमच्या पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राच्या मूळ अडॅप्टरवर २४ व्होल्ट, २.५ अँपिअर होते. तंत्रज्ञाने २४ व्होल्ट, १.५ अँपिअरचा बसवला. पाणी येते, पण अडॅप्टर हात लावता येणार नाही इतका तापतो आणि टाकी भरायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो.
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : तो बदलून घ्या. आरओमधील दाबाचा पंप ही मोटर आहे आणि मोटर सुरू होण्याच्या क्षणी नेहमीपेक्षा बराच अधिक प्रवाह मागते. शिवाय पाण्याची झडप आणि अतिनील किरणांचा दिवा असेल तर त्याचा भारही बहुधा त्याच अडॅप्टरवर येतो. मूळ ६० वॅटची क्षमता ३६ वॅटवर आली आहे. त्यामुळे भार आला की अडॅप्टरचा दाब घसरतो, पंप मंद चालतो, पाणी गाळणाऱ्या पडद्यावर (मेम्ब्रेनवर) पाण्याचा पुरेसा दाब पडत नाही आणि टाकी रेंगाळत भरते. तापणे हे त्याच घटनेचे दुसरे टोक आहे. पाण्याच्या शेजारी टांगलेला, सतत तापणारा अडॅप्टर स्वयंपाकघरात असू नये. तंत्रज्ञ ‘चालतंय ना’ म्हणेल. त्याला जुन्या अडॅप्टरवरील पट्टी दाखवून २.५ अँपिअरचाच मागावा.

प्रश्न : लॅपटॉपसाठी बाजारातून ‘सुसंगत’ अडॅप्टर घेतला. व्होल्ट, अँपिअर, पिन सर्व जुळते. लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि तो संथ झाला आहे. धातूच्या कडेला हात लागला तर बारीक मुंग्याही येतात.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेल आणि एचपी यांच्यासारख्या काही कंपन्यांच्या गोल पिनमध्ये मधोमध एक बारीक सुई असते. ती वीज पुरवत नाही, तर अडॅप्टरची ओळख पटवते. तो किती वॅटचा आहे, हे लॅपटॉपला तिच्यामार्फत समजते. ओळख पटली नाही तर काही लॅपटॉप सावधगिरी म्हणून बॅटरी चार्ज करत नाहीत आणि प्रोसेसरचा वेग कमी करतात. आपला अडॅप्टर ती ओळख देत नसावा किंवा सुई वाकली असावी. पिनमध्ये डोकावून पाहा. सुई सरळ असेल तर अडॅप्टर परत करून त्या मॉडेलसाठीचा मूळ अडॅप्टर घ्यावा. वॅटही पाहावेत. १९.५ व्होल्टवर ३.३४ अँपिअर म्हणजे ६५ वॅट आणि ४.६२ अँपिअर म्हणजे ९० वॅट. पट्टीवर ९० असताना ६५ चा घेऊ नये. १९ आणि १९.५ व्होल्टमधील फरक मात्र बहुतेक लॅपटॉपांना जाणवत नाही.

मुंग्यांचे कारण असे की, अडॅप्टरच्या दोन बाजूंमध्ये विद्युत-गोंगाट कमी करण्यासाठी एक विशेष कपॅसिटर बसवलेला असतो आणि त्यातून अत्यल्प प्रवाह झिरपतो. चांगल्या अडॅप्टरमध्ये तो मिलिअँपिअरच्या अंशात असतो आणि तीन पिनांच्या तारेने तो अर्थिंगमध्ये निघून जातो. आपण दोन पिनांची तार वापरत असाल किंवा भिंतीतील सॉकेटला अर्थिंगच नसेल तर तो आपल्या बोटांतून वाट काढतो. आधी सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्यावे. ते नीट असूनही मुंग्या येत राहिल्या किंवा झटका बसल्यासारखे वाटले, तर अडॅप्टर त्याच क्षणी काढून ठेवावा.

प्रश्न : घरात मोबाइलचा ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर आहे. त्यापासून १२ व्होल्ट मिळवून राउटर चालवणारी केबल बाजारात मिळते. ती वापरावी का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : वापरता येते, पण एक अडचण समजून घेऊन. टाइप-सीचा चार्जर सुरुवातीला केवळ ५ व्होल्ट देतो. समोरच्या उपकरणाने ‘पॉवर डिलिव्हरी’ या पद्धतीने मागणी केली तरच तो दाब वाढवतो. आपण म्हणता ती केबल उपकरणाच्या वतीने ही मागणी करते. अडचण अशी की या पद्धतीत ५, ९, १५ आणि २० हे नेहमीचे टप्पे आहेत, १२ हा ऐच्छिक आहे. आपल्या चार्जरच्या पट्टीवर १२ व्होल्टचा टप्पा छापलेला नसेल तर चार्जर ६५ वॅटचा असूनही केबलला १२ व्होल्ट मिळणार नाहीत आणि बऱ्याच केबल अशा वेळी मुकाट ९ व्होल्ट पुढे पाठवतात. मग सातारच्या वाचकांच्या शेजाऱ्यांनी सुचवलेलीच स्थिती निर्माण होते. चार्जरवरील बारीक अक्षरे भिंगाने का होईना, वाचावीत. १२ व्होल्ट दिसले आणि त्यापुढे १ अँपिअर किंवा अधिक असले, तर केबल घ्यावी व राउटरला जोडण्याआधी तिच्या टोकाचा दाब आणि ध्रुवता मल्टीमीटरने एकदा मोजावी. वीज गेल्यावर राउटर चालू राहावा, हा हेतू असेल तर १२ व्होल्टची बॅटरी असलेला छोटा यूपीएस अधिक भरवशाचा आहे. तो घेतानाही पट्टी राउटरची वाचायची आणि आकडे तिच्याशीच जुळवायचे.